एसटीने आलेले मासे

२६ एप्रिल १९९९, सोमवार. सकाळी नऊ-साडेनऊला आत्याने देवपूजा आटोपून कॉम्प्युटरचं बटण दाबलं. आतला पंखा फिरला, पुढचा हिरवा दिवा लागला, पण पडदा काळाच राहिला. नेहमीचा 'टुक' आवाज नाही, रॅम मोजणारे आकडे नाहीत, विंडोजचे ढग नाहीत. तिने बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच.

"मी काहीच केलो नाही, नुसतं बटण दाबलो," ती आजोबांना सांगत होती. कोल्हापूरच्या बायकांचं हे 'केलो-दाबलो' बाहेरच्यांना गमतीचं वाटतं. त्या दिवशी कोणाला हसू येत नव्हतं. त्या काळ्या पडद्यामागे एका प्रबंधाची २१२ पानं होती. गडहिंग्लजकडच्या एका प्राध्यापकांचा पीएच.डी.चा प्रबंध, मेअखेर सादर करायचा होता. आत्या राजारामपुरीतल्या आमच्या घरी बसून प्रबंध आणि अहवाल टाईप करून द्यायची, पानाला दहा रुपये. मशीन पतसंस्थेच्या कर्जावर घेतलेलं. हप्ते अजून चालू होते.

त्या मशीनवर गेले तीन महिने संध्याकाळी मासे पोहत असत. ते मासे मी आणले होते. मी तेव्हा नववी संपवून दहावीच्या सुट्टीतल्या क्लासला जायला लागलो होतो, आणि त्या सकाळी मी तोंड उघडलं नाही.

स्क्रीनसेव्हर म्हणजे काय हे आता पंचविशीच्या आतल्या कोणालाही समजावून सांगावं लागेल. जुने मॉनिटर म्हणजे काचेची मोठी नळी. मागून इलेक्ट्रॉनचा झोत यायचा, काचेच्या आतल्या फॉस्फरच्या थरावर आपटायचा आणि तिथे उजेड पडायचा. एकच चित्र तासन्‌तास एकाच जागी राहिलं की तिथला फॉस्फर झिजायचा आणि चित्राचा ठसा कायमचा उमटायचा. मॉनिटर बंद असला तरी भुतासारख्या रेषा दिसायच्या. जॉन सोचा या अमेरिकन प्रोग्रॅमरने यावर उपाय म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि डिसेंबर १९८३ च्या 'सॉफ्टॉक' मासिकात तो छापून आला. तीन मिनिटं कोणी काही केलं नाही की पडदा काळा करायचा, एवढंच त्याचं काम. मासे नाहीत, तारे नाहीत, काही नाही.

करमणूक नंतर आली. १९८९ साली बर्कली सिस्टिम्स या कंपनीने 'आफ्टर डार्क' विकायला काढलं आणि त्यातले पंख फुटलेले उडते टोस्टर जगभर गाजले. पुढे विंडोजबरोबर तारांगण, पाइप, चक्रव्यूह हे सगळं फुकटच यायला लागलं. गंमत अशी की तोवर मूळ गरज ओसरत चालली होती. रंगीत मॉनिटरवर ठसा उमटण्याचा धोका कमी झाला होता, आणि १९९२ साली अमेरिकेत एनर्जी स्टार योजना आल्यापासून मॉनिटर आपोआप झोपायलाही लागले होते. वीज वाचवायची तर पडदा काळा करणंच बरं होतं. आजोबांचं मत नेमकं हेच होतं. "वापरत नाहीस तर बंद कर की. एमएसईबीवाले सासरे लागतात काय तुझे?"

पण घरातल्या कॉम्प्युटरचा तेव्हाचा थाट आठवा. पुढच्या खोलीत, शोकेसशेजारी, आत्याने शिवलेल्या झालरीच्या कव्हराखाली. आलेल्या पाहुण्याला तो दाखवायचा असे, आणि पाहुण्याला प्रबंधाचं तिसरं प्रकरण काय दाखवणार? विंडोजमध्ये सरकत्या अक्षरांचा एक स्क्रीनसेव्हर होता. त्यात अक्षराचा फाँट बदलता यायचा. आत्याने मराठी फाँट लावून 'श्री अंबाबाई प्रसन्न' असं लिहून ठेवलं होतं. डावीकडे सरकणारी निळी अक्षरं. ती सुरक्षित होती, कारण विंडोजच्या आतच होती, बाहेरून काही आणलेलं नव्हतं. मला ती रटाळ वाटायची.

मासे आले ते एसटीने. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केलं, तेही मोठ्या शहरांत. खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली ती १९९८ च्या अखेरीस. आमच्या ओळखीत कोणाकडे कनेक्शन नव्हतं. पण माझ्या वर्गमित्राचा भाऊ पुण्यात इंजिनिअरिंगला होता, होस्टेलवर. कोणीतरी कुठल्यातरी लॅबमध्ये डाउनलोड करायचं, ते १.४४ एमबीच्या फ्लॉपीत उतरवायचं आणि शनिवारी स्वारगेटवरून निघणाऱ्या गाडीत खिशात घालून आणायचं. आमच्यासाठी डाउनलोड म्हणजे हे. फ्लॉपी उन्हात तापू नये, चुंबकाजवळ जाऊ नये याची आम्ही कोण काळजी घ्यायचो! आत काय आहे याची काळजी कोणी घेतल्याचं आठवत नाही. ओळखीच्या माणसाने आणलंय, संपला विषय.

१९९९ च्या संक्रांतीच्या आसपास ती फ्लॉपी माझ्याकडे आली. वर पेनने 'फिश' लिहिलं होतं. आत एक इन्स्टॉल करणारी फाइल. दोनदा क्लिक केलं, 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' झालं आणि अंबाबाईच्या जागी मासे पोहायला लागले. आत्यालाही आवडले. शेजारच्या काकू पोराला मासे दाखवत भरवायला घेऊन यायच्या.

मी एक साधी गोष्ट समजून घेतली नव्हती, आणि नंतरच्या दहा वर्षांत जगातल्या लाखो लोकांनीही ती समजून घेतली नाही. स्क्रीनसेव्हर दिसायला चित्र असतो, पण असतो तो प्रोग्रॅम. विंडोजमध्ये त्याच्या फाइलचं शेपूट 'डॉट एससीआर' असं असतं, एवढाच फरक. नाव बदलून तेच शेपूट 'डॉट ईएक्सई' केलं तरी ती फाइल तशीच चालते. विंडोज ९८ च्या 'सिस्टिम डॉट आयएनआय' या फाइलमध्ये चालू स्क्रीनसेव्हरची जी ओळ असे, तिचं नावच मुळी 'एससीआरएनसेव्ह डॉट ईएक्सई' होतं. म्हणजे जे काम वर्डला करता येतं, जे काम फाइल पुसणाऱ्या हत्याराला करता येतं, ते सगळं माशांनाही करता येतं. छायाचित्राची फाइल उघडणं आणि स्क्रीनसेव्हर उघडणं यात भिंतीवर कॅलेंडर टांगणं आणि घराची किल्ली अनोळखी गड्याच्या हाती देणं एवढा फरक आहे. त्यात विंडोज ९५ पासून ओळखीच्या फाइलींची शेपटं आपोआप लपवली जात. 'मासे डॉट जेपीजी डॉट एससीआर' अशी फाइल कोणी पाठवली तर पडद्यावर दिसायचं फक्त 'मासे डॉट जेपीजी'.

आमच्या माशांमध्ये तसलीही चलाखी नव्हती. ज्या कोणी तो स्क्रीनसेव्हर लिहिला तो बिचारा सज्जन असावा. पण पुण्याच्या ज्या मशीनवरून ती फाइल फ्लॉपीत आली, त्या मशीनला आधीच लागण झालेली होती.

त्या व्हायरसचं नाव सीआयएच. तैवानमधल्या चेन इंग-हाव या विद्यार्थ्याने १९९८ साली तो लिहिला आणि नाव स्वतःच्या आद्याक्षरांवरून ठेवलं. अँटीव्हायरस कंपन्या फार बढाया मारतात, त्यांची जिरवायची होती, असं त्याने नंतर सांगितलं. व्हायरस ओळखण्याची आमच्याकडची गावठी रीत म्हणजे फाइलचा आकार वाढलाय का बघणं. सीआयएच त्याला पुरून उरत होता. विंडोजच्या प्रोग्रॅमच्या फाइलीत मध्ये मध्ये मोकळ्या जागा राहतात. हा आपले तुकडे करून त्या जागांत भरून बसायचा. फाइल होती तेवढीच राहायची. एकदा अशी फाइल चालवली की तो मेमरीत ठाण मांडायचा आणि त्यानंतर उघडलेल्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये शिरायचा. मासे एकदा पोहले आणि आमचं अख्खं मशीन बाटलं.

आणि मग तो वाट बघत बसायचा. सर्वांत जास्त पसरलेली त्याची आवृत्ती जागी व्हायची २६ एप्रिलला. हाच चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघाताचा दिवस, १९८६ चा, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल व्हायरस म्हणायला लागले. जागा झाला की दोन कामं करायचा. हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या एक एमबी जागेवर शून्यं लिहायचा. आणि मदरबोर्डवरच्या बायोसच्या चिपमध्ये कचरा भरायचा प्रयत्न करायचा. बायोस म्हणजे बटण दाबल्यावर मशीनला सर्वांत आधी जागं करणारा प्रोग्रॅम. तो गेला की पडदाच लागत नाही. ही दुसरी करामत ठराविक मदरबोर्डांवरच चालायची, इंटेलच्या ४३०टीएक्स चिपसेटच्या बोर्डांवर विशेष. पेंटियमच्या त्या पिढीत असे बोर्ड भरपूर विकले गेले होते. आमचा त्यातलाच.

आता प्रश्न असा की आत्याने नऊ वाजता बटण दाबलं तेव्हाच मशीन मेलेलं कसं? ती सोमवारची पहाटेची कामवाली. लाइट नऊला जाणार म्हणून साडेपाचला उठून तासभर टाईप केलं होतं, आणि त्या सुरुवातीलाच तारीख उलटलेली होती. पडदा मध्येच गोठला म्हणून तिने बंद केलं आणि आंघोळीला गेली. हे तिला दुपारी आठवलं.

त्या एका दिवसात दक्षिण कोरिया, तुर्कस्तान, भारत, बांगलादेश इथे मशीनच्या मशीन झोपले. अमेरिकेला त्या मानाने कमी फटका बसला. महिनाभर आधीच, २६ मार्चला, मेलिसा नावाचा व्हायरस ईमेलमधून पसरला होता आणि त्या धास्तीने तिकडच्या लोकांनी अँटीव्हायरस ताजे करून घेतले होते. आमच्या मशीनवरही अँटीव्हायरस होता. १९९७ चा. १९९८ साली जन्मलेला चोर त्याच्या वहीत कुठून असणार?

सीआयएच फक्त ओळखीच्या पोरांच्या फ्लॉपीतूनच फिरला असंही नाही. यामाहा कंपनीने आपल्या सीडी ड्राइव्हसाठी दिलेल्या एका सॉफ्टवेअरमध्ये तो निघाला. मार्च १९९९ मध्ये आयबीएमची काही ॲप्टिव्हा मशीन कारखान्यातूनच तो घेऊन बाहेर पडली. युरोपात मासिकांबरोबरच्या सीडींतून तो वाटला गेला. खात्रीच्या ठिकाणाहून आणा, हा सल्ला तेव्हाही होता आणि योग्यच होता, पण खात्रीचं ठिकाणही सकाळी बाधित होऊ शकतं हे तेव्हा मोठ्या प्रमाणावर दिसलं. आणलेलं उघडण्याआधी ताज्या अँटीव्हायरसने तपासणं म्हणूनच वेगळं करावं लागतं, आणणारा कितीही सख्खा असला तरी.

आमच्या घरी यातलं काही माहीत नव्हतं. घरच्यांना माहीत होता एकच माणूस, मशीन जोडून देणारा असेंबलवाला. शाहूपुरीत एका जिन्याखाली त्याचं दुकान. दुपारी त्याला बोलावलं. त्याने कॅबिनेट उघडलं, काहीबाही बघितलं आणि म्हणाला, "व्हायरस हाय हा. आज सगळीकडंच झालंय."

आजोबा संतापले. "माल खराब द्यायचा आणि व्हायरस म्हणायचं? व्हायरसनं पडदा जातो होय रे?"

त्यांचा तर्क चुकीचा म्हणता येत नाही. तोवरचे व्हायरस फाइली खात, पडद्यावर काहीतरी लिहीत. सॉफ्टवेअरने लोखंड निकामी करणं ही गोष्ट कॉम्प्युटरवाल्यांनाही नवीन होती. बिचाऱ्याने मशीन नेलं, दुसऱ्या बोर्डावरून बायोसची चिप भरून आणली, हार्ड डिस्क फॉरमॅट केली, विंडोज पुन्हा टाकलं आणि तीन दिवसांनी चालू करून दिलं. पैसे मागितले तेव्हा मिळाले नाहीत. आजोबांनी गल्लीत सांगितलं, याच्याकडून घेऊ नका. आमच्या गल्लीतल्या दोन घरांनी पुढे मशीन दुसरीकडून घेतलं. मी ऐकत होतो.

सगळ्यांत बोचणारी गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी कळली. प्रबंध डिस्कवर होता. विंडोज ९८ मध्ये डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे याची अनुक्रमणिका दोन प्रतींत ठेवलेली असे. चार जीबीच्या डिस्कवर तिची एकेक प्रत एक एमबीपेक्षा बरीच मोठी. सीआयएचने सुरुवातीची एक एमबी पुसली, म्हणजे पहिली प्रत फाडली. दुसरी शाबूत राहायची. ती वापरून डिस्क पुन्हा उभी करणारी हत्यारं त्यानंतर लगेच आली. अमेरिकेत स्टीव्ह गिब्सनने एक फुकट दिलं, बांगलादेशातल्या एका विद्यार्थ्याने आणखी एक लिहिलं. पण शाहूपुरीतल्या जिन्याखाली ती बातमी पोचायच्या आत डिस्क फॉरमॅट होऊन तिच्यावर नवीन विंडोज बसलं होतं.

आत्याने प्राध्यापकांना दिलेले तपासणीचे प्रिंट परत मागवले, लाल पेनाच्या दुरुस्त्यांसकट, आणि २१२ पानं पुन्हा टाईप केली. दुसऱ्या वेळचे पैसे घेतले नाहीत. या खेपेला रोज रात्री एक फ्लॉपी भरून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवायची. मासे परत आले नाहीत. अंबाबाई आली.

आपल्याकडच्या या इतिहासात दुरुस्तीवाल्याला जेवढं श्रेय द्यायला हवं तेवढं मिळत नाही असं मला वाटतं. क्विक हीलचीच गोष्ट घ्या. साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, पुढे पुण्यात स्वतःचं दुकान टाकलं. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांत व्हायरस सापडायला लागले तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ संजय याने त्यावर प्रोग्रॅम लिहिले आणि १९९५ साली डॉसवर चालणारं क्विक हील बाजारात आलं. पुढे ती शेअर बाजारात नोंदलेली कंपनी झाली. सुरुवात मात्र आजारी मशीन ज्याच्या टेबलावर येतं त्या माणसाची. आमचा असेंबलवालाही त्याच जातकुळीचा होता.

स्क्रीनसेव्हरचं पुढचं दशक वाईट गेलं. डिसेंबर २००१ मध्ये 'गॉन डॉट एससीआर' नावाची फाइल ईमेलने फिरली. सोबतच्या मजकुराचा आशय असा, की हा स्क्रीनसेव्हर बघितला आणि तुझीच आठवण झाली. उघडला की तो मशीनवरचा अँटीव्हायरस पुसून टाकायचा. पकडले गेले ते इस्राएलमधले चार शाळकरी मुलगे. ऑगस्ट २००३ च्या सोबिगच्या साथीतही जोडलेल्या फाइलींपैकी एक 'एससीआर' होती. मग फुकट स्क्रीनसेव्हर वाटणाऱ्या साइट आल्या. धबधबा, ताजमहाल, गणपती, जे हवं ते, आणि बरोबर जाहिराती टपकवणारं, आपण काय बघतो ते टिपणारं काहीतरी. २००९ साली मॅकॅफी कंपनीने शोधायला सर्वांत धोकादायक शब्दांची पाहणी केली, तेव्हा 'स्क्रीनसेव्हर' हा शब्द अगदी वरच्या ओळीत होता. त्याच वर्षी डिसेंबरात उबुंटूवाल्यांचीही खोड मोडली. लिनक्सला काही होत नाही म्हणणाऱ्यांनी धबधब्याचा एक स्क्रीनसेव्हर उतरवून घेतला आणि त्यात दुसऱ्यांच्या साइटवर हल्ला करणारी स्क्रिप्ट निघाली.

या सगळ्यातून घराघरांत ज्या सवयी हळूहळू आल्या त्या कोणी एका दिवशी शिकवल्या नाहीत. फोल्डर ऑप्शनमध्ये जाऊन फाइलींची शेपटं दिसतील असं करून ठेवायचं. फाइल मूळ बनवणाऱ्याच्याच साइटवरून घ्यायची. ती लगेच न उघडता आधी तपासायची. २००४ पासून स्पेनमधल्या लोकांनी सुरू केलेलं व्हायरसटोटल आहे, तिथे एकच फाइल डझनावारी अँटीव्हायरसांना एकदम दाखवता येते. फाइलवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही आहे का बघायचं. रोजच्या वापराचं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं ठेवायचं नाही, म्हणजे माशांनी परवानगी मागितली तर निदान विचारणा तरी होते. विंडोज एक्सपीच्या काळात घरोघर सगळेच ॲडमिनिस्ट्रेटर होते. २००७ मध्ये व्हिस्टाने प्रत्येक वेळी विचारायला सुरुवात केली तर लोक वैतागले आणि न वाचता 'येस' दाबायला शिकले. मी स्वतः शिकलो. खरं तर एक्सपीमध्ये आपल्याच फोटोंचा स्लाइडशो स्क्रीनसेव्हर म्हणून लावायची सोय आली तेव्हाच बाहेरून काही आणायचं कारण संपलं होतं. त्यात फोटो फोटोच राहतात, चालणारा प्रोग्रॅम विंडोजचा असतो. पाचवीला पुजलेला बॅकअप मात्र वरच्या सगळ्यांच्या आधी. तो आत्याने कोणी न सांगता सुरू केला होता.

२००३ साली मी कॉलेजात होतो. माळ्यावरचा खोका आवरताना ती फ्लॉपी सापडली. वर 'फिश'. कॉलेजच्या लॅबमध्ये ताजा अँटीव्हायरस होता. घातली, तपासली. पडद्यावर लाल अक्षरांत आलं: 'विन९५ डॉट सीआयएच'. चार वर्षं तो तिथेच बसलेला होता.

असेंबलवाल्याकडे गेलो तर जिन्याखाली आता मोबाइलची कव्हरं लटकत होती, पण माणूस तोच. मी सांगितलं, फ्लॉपी मी आणली होती. तो हातातला मोबाइल उघडतच होता.

"मला तवाच म्हाईत हुतं," तो म्हणाला. "त्या सोमवारी माझ्याकडं सात-आठ मशिनी आल्या हुत्या. सगळ्यांकडं पोरगं हुतंच की तुझ्याएवढं. कुणाचं नाव सांगणार?"

चिपचे पैसे त्याने घेतले नाहीत. मग मी घरी येऊन आत्याला सांगितलं. ती भाजी निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "अण्णांना सांग. गल्लीत तेच बोलले होते." आजोबा तेव्हा शहाऐंशीचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चेर्नोबिलपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी काठी घेऊन शाहूपुरीला गेले. तिथे काय बोलणं झालं ते दोघांपैकी कोणीच मला सांगितलं नाही. येताना मोबाइलचं एक कव्हर घेऊन आले. आमच्या घरात तेव्हा मोबाइल नव्हता.

मागच्या लग्नसराईत आत्याच्या फोनवर व्हॉट्सॲपला एक लग्नपत्रिका आली. नंबर ओळखीचा, दूरच्या नात्यातला. असल्या पत्रिकांबद्दल हल्ली पोलीस सावध करत असतात: दिसते पत्रिका, असतं अँड्रॉइडचं ॲप, आणि ते बसलं की फोनवर येणारे बँकेचे मेसेज परस्पर वाचतं. आत्या आता सत्तरीत आहे. तिने चष्मा वर केला, फाइलच्या नावाच्या शेवटी काय आहे ते एकेक अक्षर लावून वाचलं. ए, पी, के. मग त्या नातेवाइकाला फोन लावला.

"तुमच्याकडं कुणाचं लग्न हाय काय?" तिने विचारलं. तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्यानंतर ती बराच वेळ त्यांना, फोनमधलं काय काय काढून टाकायचं आणि बँकेला आधी कळवायचं, ते सांगत बसली होती.